बारा वंश आणि आमचे तीन ग्राउंड

आमचं घराणं अत्यंत धार्मिक. जमिनीचा विषय निघेपर्यंत आमच्यात कुणाला देव आठवत नाही, आणि तो एकदा निघाला की देवाशिवाय दुसरं काही आठवत नाही.

जमीन म्हणजे चेन्नईच्या कडेच्या तांबरमची. आमच्या आजोबांनी घेतलेली. ते रेल्वेत कारकून होते. त्यांनी जागा घेतली तेव्हा पश्चिम तांबरममध्ये माणसांपेक्षा ताडाची झाडं जास्त होती, आणि ताडांपेक्षा साप जास्त. आजोबा सांगायचे की संध्याकाळी घरी येताना साप त्यांना ओळखायचे आणि बाजूला सरकून वाट द्यायचे. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. आमच्यात थोरांच्या गोष्टी तपासून बघत नाहीत, जराशा वाढवून पुढे देतात. चेन्नईत जमीन गुंठ्यात मोजत नाहीत, ग्राउंडात मोजतात. एक ग्राउंड म्हणजे चोवीसशे चौरस फूट. आजोबांनी असे तीन ग्राउंड घेतले, मधोमध दोन खोल्या आणि एक देवघर बांधलं, आणि मृत्युपत्र न करता गेले. का, तर म्हणे, "माझी मुलं आपापसात बघून घेतील." जन्मभर रेल्वेचं टाइमटेबल हाताळलेला माणूस इतका भाबडा कसा राहू शकतो, हे मला अजून कळलेलं नाही.

मुलं चार. थोरले माझे वडील, अप्पा. त्यांच्या पाठची आत्या. मग मधले काका, ते इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासायचे, आणि निवृत्त झाल्यापासून बोलताना दर दोन वाक्यांनी थांबतात. आणि मग धाकटे काका. ते कशालाच थांबत नाहीत.

आत्याचं लग्न झालं नाही. जमवायला तसं कुणी गेलंच नाही. आधी आजी आजारी होती, मग आजोबा, मग देव. देव आजारी नव्हते, पण त्यांचं करायलाही कुणीतरी हवंच होतं. तंजावरहून आलेले आमचे पितळी देव म्हणजे काही चारदोन नव्हेत. देवघरात ते असे दाटीवाटीने बसतात की एकाला गंध लावताना दुसऱ्याचा मुकुट पडतो. आत्या टायपिंगच्या क्लासात शिकवायची, सकाळ-संध्याकाळ देवांचं करायची, आणि त्या दोन खोल्यांत राहायची. क्लास कधीच बंद पडला. आता सदुसष्टाव्या वर्षी तिच्याकडे तिचं म्हणावं असं या जगात एकच होतं. त्या दोन खोल्यांचं दार आतून लावून घ्यायची सवय.

आणि जमिनीची वाटणी व्हायची ठरली.

तमिळमध्ये वाटेकरी भाऊबंदाला पंगाळी म्हणतात. हा शब्द तमिळ माणूस उच्चारतो तेव्हा त्याच्या जबड्याकडे बघा, म्हणजे अर्थ विचारावा लागत नाही. आम्ही तंजावरच्या मराठी लोकांनी साडेतीनशे वर्षं या मुलुखात राहून तमिळांकडून जे काही घेतलं, त्यात हा शब्द सगळ्यात मनापासून घेतलाय. एका रविवारी सकाळी तिन्ही पंगाळी तांबरमच्या ओट्यावर जमले. सर्व्हेअर आदल्या दिवशी फीत लावून गेला होता आणि तीन तुकड्यांच्या खुणेचे दगड रोवले होते. पुढचा तुकडा रस्त्याला लागून. मधला, ज्यात घर आणि विहीर. आणि मागचा, ज्याला लागून गटार होतं आणि ज्याच्यावर शेजाऱ्याचा नारळ वर्षाला सुमारे दोन हजार नारळ नेम धरून टाकायचा.

"मी मोठा," अप्पा म्हणाले, "तेव्हा पुढचा माझा."

"अण्णा, मोठ्याने त्याग करायचा असतो," धाकटे काका म्हणाले.

"मला कुठलाही चालेल," मधले काका म्हणाले, थोडे थांबले, आणि म्हणाले, "पुढचा असला म्हणजे झालं."

हे असं दोन तास. आत्या आतून कॉफी आणत होती. शेवटी मधल्या काकांनाच, कॉफीचा पेला हातात घेताना, आठवलं. "अक्काचं काय?"

"अक्काचं काय म्हणजे?" धाकटे काका म्हणाले. "अक्का आपली नाही का? घर पाडलं की ती चार महिने तुझ्याकडे, चार महिने अण्णाकडे, चार माझ्याकडे. राणीसारखी फिरेल!"

आत्याने पेला त्यांच्यासमोर ठेवला. जरा जोरात ठेवला असावा, कारण कॉफी सांडली.

इथे मी एक गोष्ट कबूल करतो, कारण नाहीतर तुम्हीच विचाराल. कायद्याने आत्याचा सरळसरळ चौथा हिस्सा होता. हे तिन्ही भावांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, ओट्याखालच्या मांजरालाही ठाऊक असावं. शोळिंगनल्लूरच्या काचेच्या इमारतीत बसून मी परदेशातल्या लोकांच्या अडचणी दिवसभर सोडवतो, आणि त्यांना अत्यंत नम्रपणे त्यांचे हक्क समजावून सांगतो. त्या रविवारी मी मोबाइल बघत होतो. तिसरा हिस्सा चौथ्यापेक्षा मोठा असतो, आणि अप्पांना मी एकुलता एक. एवढं गणित मला येतं.

त्याच ओट्यावर सर बसलेले होते. सर म्हणजे भिंतीपलीकडचे, पंचाहत्तरीचे. आयुष्यभर एका कॉलेजात मुलांना ख्रिस्ती शास्त्र शिकवलेले. दर रविवारी चर्चमधून सुटले की पांढऱ्या शर्टातच आमच्या ओट्यावर यायचे, आत्याच्या हातची कॉफी प्यायचे आणि आमचं वर्तमानपत्र मला मिळायच्या आत वाचून काढायचे. ते बोलायचे तमिळ, पण चाळीस वर्षं भिंतीपलीकडून आमची भांडणं ऐकून त्यांना आमची तंजावरी मराठी इतकी छान समजायची की पुण्याहून आलेल्या आमच्या एका पाहुण्यांपेक्षा छान. पाहुण्यांना आमची निम्मी मराठी तमिळ वाटली होती आणि उरलेली निम्मी पेशव्यांच्या आधीची.

"इस्राएलच्या बारा वंशांत," सर म्हणाले, "एवढी मोठी जमीन वाटली, पण असं भांडण झालं नाही."

"बारा?" धाकटे काका म्हणाले. "बारा पंगाळी आणि भांडण नाही? मग ते सख्खे नसणार."

"एका बापाच्या बारा मुलांचे वंश. भाऊच." सरांनी वर्तमानपत्राची घडी केली. त्यांनी घडी केली की समजायचं, तास सुरू झाला. "त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. देवाच्या तंबूच्या दाराशी, सगळ्यांच्या समोर. का? माहीत आहे का?"

मधल्या काकांनी उगाच मान हलवली.

"जमीन त्यांची नव्हतीच म्हणून. देवाची होती. तो मालक आणि हे त्याच्या आश्रयाला आलेले पाहुणे. चिठ्ठीने मिळालं की चांगला तुकडा मिळालेल्याला म्हणता येत नाही, मी हुशार म्हणून मिळाला. आणि वाईट मिळालेल्याला म्हणता येत नाही, भावाने मला फसवलं. दोघांचीही तोंडं बंद. वाटणी म्हणजे वतन मिळवणं नव्हे, हातात ठेवलेलं घेणं."

तोंडं बंद होण्याची कल्पना अप्पांना आवडलेली दिसली, अर्थात इतर दोघांची.

"आणि एका वंशाला तर," सर पुढे म्हणाले, "जमीन दिलीच नाही. लेवी वंश. ते देवाची सेवा करायचे. देव त्यांना म्हणाला, तुमचा वाटा मीच."

धाकट्या काकांचा कॉफीचा घोट घशातच थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तो अगदी आमच्या कापूरआरतीलाही कधी पडला नव्हता. हा तोच माणूस, ज्याच्या दाराखालून एकदा कुणी चर्चचं पत्रक सरकवलं तेव्हा त्याने ते चिमट्याने उचलून बाहेर टाकलं आणि दोनदा आंघोळ केली होती. तिसऱ्यांदा करणार होता, पण नळाचं पाणी गेलं.

"काय शास्त्र आहे हो!" ते उभेच राहिले. "काय शास्त्र आहे! सगळं लिहून ठेवलंय! अण्णा, ऐकलंस? देवाचं करतो त्याला जमीन नाही. देव हाच वाटा! आणि आमच्या अक्काकडे तर देव किती? तेवढे सगळे तिचे. एकसुद्धा मी मागणार नाही!"

"फार उदार आहेस," अप्पा म्हणाले.

आत्या दारात उभी होती. तिने सरांकडे बघून एवढंच विचारलं, "सर, ते लेवी राहायचे कुठे?"

सरांनी तोंड उघडलं, पण धाकट्या काकांच्या तोंडापुढे कुणाचंच चालत नाही. "देवाच्या घरी! आणखी कुठे? अक्का, तू आमची लेवी!" पुढचा आठवडाभर त्यांनी फोन करकरून अख्ख्या नात्यात हा उपदेश केला. आमच्यातला एकही माणूस ख्रिस्ती झालेला नाही, पण तो आठवडा काका त्याच्या फार जवळून गेले.

त्यानंतरच्या शनिवारी मी अप्पांना सोडायला तांबरमला गेलो तेव्हा आत्या विहिरीजवळच्या भिंतीपाशी उभी होती आणि पलीकडे सर. आत्या फुलं तोडत होती आणि सर तिला पाच बहिणींची गोष्ट सांगत होते. त्याच शास्त्रातली. बाप वारलेला, भाऊ नाही. जमीन वाटायला लागले तशा पाचही जणी त्या तंबूच्या दाराशी गेल्या आणि सगळ्या पुढाऱ्यांच्या समोर म्हणाल्या, आमचा वाटा कुठाय? पुढाऱ्यांना उत्तर येईना, तेव्हा त्यांनी देवाला विचारलं. देव म्हणाला, मुलींचं बरोबर आहे, द्या.

"नशीबवान," आत्या म्हणाली. "त्यांना भाऊ नव्हते. मला तीन आहेत."

"तुम्ही वकिलाकडे का जात नाही, अम्मा?" सरांनी विचारलं. "एका नोटिशीत काम होईल."

"होईल की," आत्या म्हणाली. "जागा मिळेल आणि भाऊ जातील. मग दिवाळीला मी त्या जागेला ओवाळू का?"

मी गाडीत काहीतरी विसरल्यासारखं करून मागे फिरलो.

पुढाऱ्यांचं, म्हणजे आमच्या तिघांचं, शेवटी ठरलं ते असं. चिठ्ठ्याच टाकायच्या, पण आमच्या पद्धतीने. आमची पद्धत म्हणजे फुलं बांधून बघणं. इकडे ही घरोघर आहे. लग्न करावं की नाही, ऑपरेशन आत्ता की नंतर, अशा पेचात लाल आणि पांढरी फुलं केळीच्या पानाच्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून देवापुढे ठेवायची आणि एकाने डोळे मिटून एक उचलायची. माझं इंजिनिअरिंग अशाच एका लाल कण्हेरीने ठरवलं. पांढरी निघाली असती तर मी कॉमर्सला जाऊन सुखी झालो असतो. तर लाल कण्हेर म्हणजे पुढचा तुकडा, पांढरी तगर म्हणजे घराचा, पिवळी शेवंती म्हणजे गटाराचा. पुड्या बांधायच्या आत्याने, कारण आमच्या घरात देवापुढचं काहीही करायचं ते आत्याने. आणि उचलायच्या सरांनी, कारण ते वाटेकरी नव्हते, आणि आमच्या देवांशी त्यांची ओळख नसल्यामुळे वशिला लागायचाही प्रश्न नव्हता.

सरांना मात्र थोडी अडचण वाटली. रविवारी ठरल्या वेळी आले, पण उंबऱ्याशी थांबले. "मी देवघरात येणार नाही. ताट बाहेर आणा," म्हणाले. मग स्वतःशीच जरा विचार करून म्हणाले, "चिठ्ठी कुणाच्याही ताटातली असो, निकाल देणारा एकच. बरं, आणा."

आत्याने ताट आणलं. ओट्यावर मधोमध ठेवलं. ताटात पानाच्या हिरव्या पुड्या, वर हळदीकुंकू. तिघे भाऊ हात जोडून, डोळे मिटून बसले. इतक्या भक्तिभावाने ते फक्त परीक्षेच्या निकालाच्या दिवशी बसायचे, असं मी ऐकून होतो. सरांनीही डोळे मिटले. नेमकं कुणाला स्मरले ते त्यांचं तेच जाणोत.

पहिली पुडी अप्पांची. सोडली. शेवंती. गटार.

अप्पांनी पुडीकडे जे बघितलं, त्याने ती शेवंती जागच्या जागी सुकली, मी या डोळ्यांनी पाहिलं. आणि माझ्या मनात त्याच क्षणी, आपण देवभोळेपणाच्या किती विरुद्ध आहोत, हा विचार प्रथमच फार तीव्रतेने आला.

दुसरी मधल्या काकांची. लाल कण्हेर! रस्ता! मधले काका थांबले. मग म्हणाले, "मला तर कुठलाही चालला असता."

आता उरलं काय? तगर. घराचा तुकडा. धाकट्या काकांनी पुडी निघायची वाटही बघितली नाही. एका हाताने बिल्डरचा नंबर लावायला घेतला आणि दुसरा हात सरांपुढे केला. सरांनी पुडी दिली. काकांनी दातांनी दोरा तोडला.

आत तुळस. दोन पानं.

काकांनी पुडी झटकली. उलटी केली. पानाच्या मागे बघितलं. मग सगळ्यांनी, म्हणजे सगळ्यांनी एकदम, ताटाकडे बघितलं. ताटात आणखी एक पुडी शिल्लक होती. तगर तिच्यात.

तुम्ही म्हणाल, चार पुड्या ताटात आहेत हे ओट्यावरच्या पाच माणसांना आधी दिसलं नाही? नाही दिसलं. तुम्ही आमच्याकडे पूजेला आलेले नाही. आमच्या घरात पूजेच्या वेळी डोळे मिटायची पद्धत आहे. आत्या समोर काय करते हे बघायची नाही. चाळीस वर्षांत कुणी बघितलेलं नाही.

"अक्का! हे काय?"

"तुळस."

"तुळस मला दिसते! कुणाची?"

"देवाची," आत्या म्हणाली. "काहीही वाटायचं म्हणजे पहिला भाग देवाचा काढायचा, हे आईने शिकवलेलं. आंबे वाटताना काढते. गेल्या दिवाळीला लाडू वाटले तेव्हाही काढला होता, आणि तो तूच खाल्लास. जमीन वाटताना काढू नको, असं मला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं हे सुचायला मुळात आत्या काय करते हे माहीत असावं लागतं.

"परत काढू!" काका म्हणाले. "ही धरायची नाही. परत बांधा!"

"का?" अप्पा म्हणाले. गटार मिळाल्यापासून ते पहिल्यांदाच बोलले, आणि त्यांच्या आवाजात बरीच तरतरी होती. "चांगली निघाली की. देव हाच वाटा! तूच आठवडाभर फोन करून सांगत होतास. काय शास्त्र आहे!"

"अण्णा, चेष्टा नको! सर, तुम्ही सांगा, परत काढायला चालतं ना?"

सरांनी हात मागे घेतले. "त्या चिठ्ठीवर परत चिठ्ठी नसते. नाहीतर ती चिठ्ठी कसली?"

"मग मी राहायचं कुठे?" काका ओरडले.

या माणसाचा अड्यारला स्वतःचा तीन खोल्यांचा फ्लॅट आहे, लिफ्टसकट. पण प्रश्न इतका कळवळून विचारला की क्षणभर मलाही वाटलं, बिचारा आज कुठल्या स्टेशनावर झोपणार. आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग सरांकडे वळून म्हणाली, "सर, हेच मी विचारलं होतं. त्या दिवशी सांगायचं राहिलं."

सरांनी सांगितलं. या वेळी मध्ये कुणी बोललं नाही. लेवींना एकसंध जमीन दिली नव्हती, हे खरं. पण उघड्यावरही टाकलं नव्हतं. प्रत्येक वंशाने आपापल्या वाट्यातून त्यांना राहायला गावं काढून दिली, अठ्ठेचाळीस गावं, आणि प्रत्येक गावाभोवती गुरांना चरायला रान. ज्याला जास्त मिळालं त्याने जास्त दिली, कमी मिळालं त्याने कमी. "कारण," सर म्हणाले, "देव हाच वाटा, हे ज्याचा वाटा आहे त्याने म्हणायचं असतं. शेजारच्या वाटेकऱ्याने नाही."

मी आयुष्यात पुष्कळ प्रवचनं ऐकली, पैकी बहुतेक झोपेत. हे एक वाक्य मात्र ओट्यावर असं पडलं की शेजाऱ्याच्या नारळाने पण त्या वेळी काही टाकलं नाही.

पण धाकट्या काकांनी त्यातलं आपलं तेवढं बरोबर उचललं. "ऐकलंत? प्रत्येकाने आपल्यातून द्यायचं! अण्णा, तू दे. तू पण दे. शास्त्र आहे!"

"सेरी," आत्या म्हणाली. सेरी म्हणजे बरं, पण आत्याची सेरी ऐकली की आम्ही जरा सावरून बसतो. "देऊ. राहायला जागा हवीच लेवीला. मग उद्यापासून ये. पहाटे साडेचारला उठायचं. विहिरीचं पाणी काढायचं, मोटर चालत नाही देवाला. आधी आंघोळ, मग देवांच्या आंघोळी, मग मुकुट चिंचेने घासायचे. एकादशी असते महिन्यातून दोनदा. नवरात्रात नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नाही, म्हणजे झोपायचं नाही. गावाला जायचं नाही. मी तिरुपतीला अकरा वर्षांपूर्वी गेले होते, परत आले तर देवांना मुंग्या लागलेल्या."

धाकट्या काकांचा रंग तुळशीच्या जवळपास आला. "अक्का, ते... ते तुझं आहे. ते तूच कर."

"मी कशी करू? तुळस मी उचलली नाही."

"अक्का, अगं..."

"उगे," आत्या म्हणाली. उगे म्हणजे आमच्या मराठीत गप्प. लहानपणी ती त्यांना आंघोळ घालताना हाच शब्द वापरायची, असं म्हणतात. काका उगे राहिले.

मधले काका थांबले होते तिथून पुढे निघाले. "बाबांना मुलं चार," ते म्हणाले. "पुड्या चार." आणि परत थांबले. ब्रेक तपासणाऱ्या माणसाला कुठे थांबायचं हे बरोबर कळतं.

मग वाटणी झाली ती चारात. मुख्य वकिली कुणी केली असेल, सांगा. धाकट्या काकांनी! चौथा हिस्सा चौघांना समान, हेच धर्माला धरून आहे, बहिणीला वगळणं म्हणजे पाप, असं त्यांनी अप्पांना अर्धा तास ऐकवलं, कारण त्याशिवाय त्यांच्या हातातली तुळस सुटत नव्हती. अप्पा गटारवाले, त्यांना जास्त तोटा नव्हता. मधल्या काकांनी रस्त्याकडचा भाग आखूड करून दिला, थोडं कण्हून. सर्व्हेअर परत आला, दगड उपटले, नव्याने रोवले. घर आत्याच्या तुकड्यात आलं. ते पाडायचं नाही, यावर तिने सगळ्यांच्या सह्या घेतल्या. टायपिंगच्या क्लासातलं जुनं मशीन काढून कागद तिनेच टाइप केला, एकही चूक न करता.

देवांचं काय झालं, हे लोक विचारतात. आत्या म्हणाली, आता मी जमीनवाली, तेव्हा सेवा एकटीची नाही. एकादश्या वाटून घ्या. आता आमच्या शोळिंगनल्लूरच्या फ्लॅटमधून अप्पा महिन्यातून एकदा पहाटेची पहिली बस पकडून देवांच्या आंघोळीला तांबरमला जातात आणि दोन दिवस कंबर धरून बसतात. धाकटे काकाही येतात. येताना चिंच आणतात, जाताना फणस नेतात.

सरकारी पट्टा, म्हणजे जागेचा मालकीचा कागद, आत्याच्या नावावर निघाला त्या आठवड्यात मी मुद्दाम एकटा गेलो. तिच्या तुकड्याच्या मागच्या बाजूने, अप्पांच्या हद्दीवर, कंबरेएवढी भिंत चालली होती. गवंडी विटा लावत होता आणि आत्या खुर्ची टाकून बसली होती.

"आत्या," मी विचारलं, "खरं सांग. ती पुडी सवयीने बांधलीस की मुद्दाम?"

"मुद्दाम," ती म्हणाली. "सवय काय, सांगायला बरी असते."

"आणि तुळस कुणालाच निघाली नसती तर? तीच ताटात उरली असती तर?"

तिने माझ्याकडे, मी काहीतरी फारच बालिश विचारल्यासारखं बघितलं. "तर काही बोलले नसते. पुडी उचलून देवापुढे ठेवली असती आणि बॅग भरायला घेतली असती. चार महिने तुझ्याकडे आले असते. चिठ्ठी टाकायची तर ती आपल्याही विरुद्ध जाऊ द्यायला लागते ना? नाहीतर ती लबाडी."

चारात एक वेळ तीच उरली असती. एवढी जोखीम घेऊन तिने आपलं घर ताटात ठेवलं होतं, आणि ती हळदीकुंकू लावताना तिच्याकडे कुणी बघितलंही नव्हतं. माझी थट्टा करायची सवय तिथे मला थोडी कमी पडली. म्हणून मी भिंतीकडे बघितलं.

भिंत सरळ नव्हती. दोरी कुठेतरी सरकली होती, आणि विहिरीपासून पुढे ती चांगली वीतभर अप्पांच्या जागेत गेली होती. वीतभर म्हणजे, एवढ्या लांबीत, बरीच जागा. अप्पांची, म्हणजे उद्या माझी. आता, मी उदार माणूस आहे. इतकं सगळं झाल्यावर वीतभर जागेचं काय, राहू दे आत्या, असं म्हणायला मी तोंड उघडलंही होतं. ते तसंच उघडं राहिलं. शब्द काही केल्या बाहेर येईनात.

आत्या खुर्चीवरून उठली. डोळ्यावर हात धरून तिने दगडापासून दगडापर्यंत नजर टाकली.

"मेस्त्री," ती गवंड्याला तमिळमध्ये म्हणाली, "ते सगळं पाड. विहिरीपासून पुढचं. अलीकडे घे. पलीकडची जागा माझ्या भावाची आहे."

"अम्मा, दोन दिवसांचं काम झालंय," तो म्हणाला. "घरचेच तर आहेत, कोण विचारतंय?"

"मीच विचारते," आत्या म्हणाली, आणि पहिली वीट तिनेच काढून माझ्या हातात दिली.